रक्ताचे वय मोजणारे डॉ. चार्ल्स ड्र्यू



पावसाळा सरत आला की आपल्या नल्लकुंट्यात फीवर हॉस्पिटलच्या दारात गर्दी वाढते आणि प्लेटलेट हा शब्द लहानथोरांच्या तोंडी येतो. एरवीही कुणाचे ऑपरेशन ठरले किंवा कुणाला अपघात झाला की नातेवाइकांची फोनाफोनी सुरू होते. अमुक गटाचे रक्त पाहिजे, दोन बाटल्या पाहिजेत, आणि बऱ्याचदा त्यापुढे आणखी एक अट असते : रक्त ताजे पाहिजे. पेढीत ठेवलेले नको, आत्ता काढलेले द्या, शक्यतो घरच्याच माणसाचे द्या. भाजी ताजी घ्यावी, दूध ताजे घ्यावे, मग रक्त तेवढे जुने का घ्यावे, असा साधा हिशेब त्यामागे असतो.

हा हिशेब बरोबर आहे का? शरीराबाहेर काढलेले रक्त किती दिवस चांगले राहते? त्यात दिवसागणिक काय बदलते? आणि त्या बदलांनी रुग्णाचे काही वाईट होते का? हे प्रश्न अंदाजाने सोडवायचे नाहीत, मोजून सोडवायचे, असे ठरवून ज्यांनी काम केले त्यांत डॉ. चार्ल्स ड्र्यू यांचे नाव फार वरचे आहे. ते अमेरिकेतील कृष्णवर्णीय शल्यचिकित्सक होते. आज जगभर ज्या रक्तपेढ्या चालतात त्यांची शिस्त घालून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. जेमतेम ४५ वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले.

बालपण आणि खेळाचे मैदान

चार्ल्स यांचा जन्म ३ जून १९०४ रोजी वॉशिंग्टन शहरात झाला. वडील रिचर्ड गालिचे बसवण्याचे काम करीत. आई नोरा यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले होते. घर श्रीमंत नव्हते, पण नीटनेटके आणि शिस्तीचे होते. चार्ल्स हे थोरले. लहानपणी त्यांनी रस्त्यावर वर्तमानपत्रे विकली आणि थोड्याच दिवसांत इतर मुलांनाही आपल्या हाताखाली कामाला घेतले. माणसे जमवून काम उरकण्याची हातोटी त्यांच्यात अशी लवकर दिसू लागली.

त्या काळच्या वॉशिंग्टनमध्ये गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या होत्या. चार्ल्स डनबार हायस्कूलमध्ये शिकले. ही शाळा कृष्णवर्णीय मुलांसाठी असली तरी तिथले शिक्षण उत्तम होते. चार्ल्स अभ्यासात बरे होते, पण त्यांचा खरा जीव मैदानावर. पोहणे, धावणे, फुटबॉल, बास्केटबॉल, सगळ्यांत ते चमकत. १९२० साली त्यांची बहीण एल्सी आजाराने गेली. तो घाव त्यांच्या मनावर राहिला आणि वैद्यकाकडे वळण्याचे एक कारण ठरला.

१९२२ मध्ये खेळातील नैपुण्यामुळे शिष्यवृत्ती मिळून ते अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात गेले. तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी अगदी मोजके होते. फुटबॉल खेळताना एकदा जबर दुखापत होऊन त्यांना रुग्णालयात राहावे लागले. डॉक्टरांचे काम तिथे त्यांनी जवळून पाहिले आणि आपणही डॉक्टर व्हायचे असे मनाशी ठरवले.

ठरवले खरे, पण फीसाठी पैसे नव्हते. १९२६ मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांनी बाल्टिमोरच्या मॉर्गन कॉलेजात दोन वर्षे जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवले, खेळांची जबाबदारी सांभाळली आणि पै-पै करून पैसे साठवले. वैद्यकीय प्रवेशासाठी ज्या हॉवर्ड विद्यापीठात अर्ज केला, तिथे इंग्रजी विषयाचे अभ्यासक्रम कमी पडतात म्हणून तो नाकारला गेला. पुढे याच विद्यापीठात ते शल्यविभागाचे प्रमुख झाले! अखेर कॅनडातील माँट्रियल शहराच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांना प्रवेश मिळाला.

माँट्रियलमध्ये रक्ताशी ओळख

१९२८ ते १९३३ ही वर्षे ड्र्यू माँट्रियलमध्ये होते. १३७ जणांच्या वर्गात दुसरा क्रमांक मिळवून ते डॉक्टर झाले. तिथले एक शिक्षक डॉ. जॉन बीटी यांच्या सहवासात त्यांना रक्तसंक्रमणाची, म्हणजे एकाचे रक्त दुसऱ्याला देण्याच्या शास्त्राची, गोडी लागली.

त्या वेळी हे शास्त्र कुठवर आले होते? व्हिएन्नाचे कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रक्तगट शोधून काढले होते आणि त्यासाठी १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे कोणाचे रक्त कोणाला चालते हे कळू लागले. १९१४-१५ च्या सुमारास असेही कळले की रक्तात सोडियम सायट्रेट मिसळले तर ते गोठत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन डॉक्टरांनी सायट्रेट आणि ग्लुकोज घातलेले रक्त बर्फात ठेवून जखमी सैनिकांना दिले. तरी साठवलेल्या रक्ताची चाल रुग्णालयांत पडली नव्हती. रक्त हवे असले की गट जुळणारा माणूस शोधायचा, त्याला धावतपळत आणायचे आणि तिथल्या तिथे रक्त काढून द्यायचे. माणूस वेळेवर सापडला तर रुग्ण वाचायचा, नाही तर नाही.

इथे आपल्या ओळखीचा एक धागा येतो. ड्र्यू शिकत होते त्याच काळात त्याच माँट्रियलमध्ये डॉ. नॉर्मन बेथून हे शल्यचिकित्सक काम करीत होते. हेच बेथून १९३६ च्या अखेरीस स्पेनच्या यादवी युद्धात गेले आणि माद्रिदच्या लोकांनी दिलेले रक्त साठवून गाडीतून आघाडीवर पोहोचवू लागले. पुढे ते चीनमध्ये गेले आणि १९३९ साली तिथेच वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा नंतर कोणी वाहिली? सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी! कोटणीसही १९४२ मध्ये तिथेच कामी आले. रक्त माणसापर्यंत नेण्याची ही धडपड अशी जगभर अनेक ठिकाणी एकाच वेळी चालली होती.

बाटलीतल्या रक्ताचे काय होते?

१९३५ मध्ये ड्र्यू यांचे वडील वारले आणि घरची जबाबदारी त्यांच्यावर आली. ते वॉशिंग्टनला परतले आणि हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागले. १९३८ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात त्यांना शल्यचिकित्सेचे पुढचे शिक्षण घ्यायचे होते. पण गोऱ्या रुग्णांवर कृष्णवर्णीय डॉक्टरने उपचार करणे तिथे रुचणारे नव्हते. त्यामुळे त्यांना डॉ. जॉन स्कडर यांच्याबरोबर मुख्यतः संशोधनाच्या कामावर ठेवण्यात आले. स्कडर यांचे संशोधन रक्तावर चालले होते. अपमान गिळून ड्र्यू कामाला लागले. ज्या खोलीत त्यांना बाजूला बसवले गेले, तिथूनच त्यांचे जगभर नाव झाले.

त्या आधी १९३७ च्या मार्चमध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी रक्तसाठा उघडला होता आणि त्याला बँकेचे नाव दिले होते. आपण म्हणतो ती रक्तपेढी हीच. रक्त जमा करायचे आणि लागेल तेव्हा काढायचे. पण पैसे बँकेत ठेवले तर वाढतात. रक्त मात्र बाटलीत ठेवले की हळूहळू झिजू लागते. ते कसे आणि किती वेगाने झिजते, हा ड्र्यू आणि स्कडर यांच्या अभ्यासाचा विषय होता.

त्यांनी जे मोजले त्यातली एक गोष्ट सोपी करून सांगतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असते आणि बाहेरच्या पातळ भागात, म्हणजे रक्तद्रवात, अगदी थोडे असते. पेशी जिवंत आणि धडधाकट असेल तर ती आपले पोटॅशियम आत धरून ठेवते. रक्त बाटलीत राहिले की दिवसेंदिवस ते बाहेर झिरपू लागते. काही पेशी फुटतात आणि त्यांचा तांबडा रंग द्रवात उतरतो. बाटली हादरली, हिसकली तर पेशी अधिक फुटतात. रक्त गोठवणारे घटकही कमी होत जातात. रक्तद्रवात पोटॅशियम फार वाढले आणि असे रक्त भराभर दिले तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणजे रक्ताला खरोखरच वय असते, आणि ते मोजता येते.

ऑगस्ट १९३९ मध्ये प्रेस्बिटेरियन रुग्णालयात प्रायोगिक रक्तपेढी सुरू झाली. रक्त कसे काढावे, कशात ठेवावे, किती थंड ठेवावे, रुग्णाला दिल्यावर काय होते, या सगळ्याचा तिथे पद्धतशीर अभ्यास झाला. त्या काळच्या द्रावणांत रक्त जेमतेम आठवडाभर भरवशाचे राही. या सर्व अभ्यासावर ड्र्यू यांनी बँक्ड ब्लड नावाचा मोठा प्रबंध लिहिला. जगात तोवर झालेले काम आणि स्वतःची मोजमापे त्यांनी एकत्र मांडली. जून १९४० मध्ये कोलंबियाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स इन मेडिसिन ही पदवी दिली. ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन.

याच धामधुमीत, सप्टेंबर १९३९ मध्ये, त्यांचा लेनोर रॉबिन्स या गृहविज्ञानाच्या प्राध्यापिकेशी विवाह झाला. पुढे त्यांना तीन मुली आणि एक मुलगा झाला. पहिल्या मुलीचे लाडके नाव बीबी. ब्लड बँक या शब्दांची आद्याक्षरे! घरात कशाचे वारे होते ते यावरून कळते.

इंग्लंडसाठी रक्तद्रव

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि इंग्लंडवर बाँबवर्षाव सुरू झाला. जखमींना रक्ताची गरज होती. अमेरिकेतून समुद्रापार रक्त पाठवायचे तर कसे? आठवडाभर टिकणारे रक्त जहाजातून हिंदकळत जायचे, म्हणजे पोहोचेपर्यंत त्यातल्या पेशी फुटायच्या. यावर उपाय होता तो रक्तद्रवाचा. तांबड्या पेशी काढून टाकल्या तर मागे राहणारा पिवळसर द्रव बराच जास्त टिकतो. खूप रक्त गेलेल्या माणसाला तो दिला तर रक्तदाब सावरतो. अनेकांचा रक्तद्रव एकत्र केला की गट जुळवण्याची अडचणही राहत नाही.

ब्लड फॉर ब्रिटन नावाची ही मोहीम ऑगस्ट १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत सुरू झाली. काम मोठे होते आणि प्रत्येक रुग्णालयाची पद्धत वेगळी. एका बाटलीत जंतू शिरले तर एकत्र केलेला सगळा साठा वाया जाई, आणि न कळता दिला गेला तर रुग्णाच्या जिवावर बेते. हे काम एका सूत्रात बांधण्यासाठी ड्र्यू यांना त्या शरद ऋतूत हॉवर्डहून बोलावून घेण्यात आले. त्यांनी सर्वांसाठी एकच पद्धत ठरवली. रक्त कसे घ्यायचे, द्रव कसा वेगळा करायचा, जंतूंची तपासणी कितीदा करायची, हे नेमून दिले आणि प्रत्येक टप्प्यावर पाहणी ठेवली. जानेवारी १९४१ मध्ये मोहीम संपली तोवर १४,५५६ जणांनी रक्त दिले होते आणि ५,००० लिटरहून अधिक रक्तद्रव इंग्लंडला रवाना झाला होता.

लगेच रेड क्रॉसने सैन्यासाठी वाळवलेला रक्तद्रव तयार करण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला आणि ड्र्यू त्याचे सहायक संचालक झाले. रक्तदात्यांपर्यंत जाणाऱ्या, शीतकपाट बसवलेल्या गाड्या त्यांनी चालवल्या. आज आपल्या कॉलनीत किंवा कॉलेजच्या आवारात रक्तदानाची गाडी येऊन थांबते, तिची ही पूर्वज म्हणा.

रक्ताला रंग किती?

एप्रिल १९४१ मध्ये ड्र्यू हॉवर्डला परतले. पुढे अमेरिकेत एक लाजिरवाणी गोष्ट घडली. युद्धासाठी रक्त गोळा करताना कृष्णवर्णीयांचे रक्त घ्यायचे नाही असे आधी ठरले. ओरड झाल्यावर जानेवारी १९४२ मध्ये ते घेण्याचे मान्य झाले, पण गोऱ्यांच्या रक्तापासून वेगळे ठेवण्याच्या अटीवर. म्हणजे ज्या माणसाने रक्त साठवण्याची पद्धत बसवून दिली, त्याचे स्वतःचे रक्त वेगळ्या बाटलीत जाणार!

ड्र्यू यांनी या धोरणाच्या निषेधार्थ राजीनामा दिला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते तसे नाही. त्यांची जागा हॉवर्डमध्ये होतीच आणि हे वेगळ्या बाटल्यांचे धोरण जाहीर होण्यापूर्वीच ते तिकडे परतले होते. पण त्यांनी या धोरणावर उघडपणे टीका केली. त्यांचे म्हणणे साधे होते. रक्ताचे गट असतात, ते तपासून पाहता येतात. रक्ताला वय असते, तेही मोजता येते. पण रक्त गोऱ्याचे की काळ्याचे, हे कोणत्याही शास्त्रीय चाचणीने सांगता येत नाही आणि त्याने रुग्णाला काही फरक पडतो याचा कसलाही पुरावा नाही. रेड क्रॉसने ही विभागणी १९५० मध्ये बंद केली. काही राज्यांत ती त्यानंतरही चालू राहिली.

ड्र्यू यांनी आपले उरलेले आयुष्य शिकवण्यात घातले. ते हॉवर्डच्या शल्यविभागाचे आणि फ्रीडमेन्स रुग्णालयाच्या शस्त्रक्रियांचे प्रमुख झाले. कृष्णवर्णीय तरुण डॉक्टरांना इतर ठिकाणी दारे बंद होती. अशांना त्यांनी कसून तयार केले. १९४१ ते १९५० या काळात अमेरिकेच्या शल्यचिकित्सक मंडळाची मान्यता मिळवलेल्या कृष्णवर्णीय डॉक्टरांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या हाताखाली शिकलेले होते. १९४४ मध्ये त्यांना स्पिंगार्न पदक देऊन गौरवण्यात आले.

अखेर, आणि एक खोटी गोष्ट

१ एप्रिल १९५० ची पहाट. अलाबामातील टस्कीगी इथे दरवर्षी गरिबांसाठी मोफत दवाखाना भरे. ड्र्यू आणि त्यांचे तीन सहकारी रात्रभर गाडीने तिकडे निघाले होते. आदल्या दिवशी ड्र्यू यांना पुरेशी विश्रांती मिळाली नव्हती. नॉर्थ कॅरोलायना राज्यात बर्लिंग्टन गावाजवळ, सकाळच्या वेळी, गाडी चालवताना त्यांचा डोळा लागला आणि गाडी उलटली. जवळच्या रुग्णालयात नेल्यावर थोड्याच वेळात त्यांचा मृत्यू झाला.

त्यानंतर एक कथा पसरली. ते कृष्णवर्णीय होते म्हणून रुग्णालयाने त्यांना रक्त द्यायला नकार दिला आणि रक्तपेढीचा जनक रक्तावाचून मेला, अशी ती कथा. ऐकणाऱ्याचे मन हेलावते आणि ती खरी वाटते, कारण त्या काळी कृष्णवर्णीयांना दारातून परत पाठवल्याच्या घटना घडतच होत्या. पण ड्र्यू यांच्या बाबतीत ती खरी नाही. गाडीत त्यांच्याबरोबर असलेल्या डॉक्टरांनीच पुढे स्पष्ट सांगितले की तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी जमेल ते सर्व उपचार केले. छातीच्या जखमाच इतक्या भयंकर होत्या की कितीही रक्त देऊन ते वाचले नसते. जो माणूस जन्मभर पुरावा मागत राहिला, त्याच्याविषयी निदान आपण तरी ऐकीव गोष्ट सांगू नये.

मग ताजे रक्त चांगले की साठवलेले?

ड्र्यू यांच्या त्या अभ्यासानंतर साठवणीचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले. १९४३ मध्ये इंग्लंडमध्ये नवे द्रावण निघाले आणि रक्त २१ दिवस टिकू लागले. काचेच्या बाटलीच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी आली. आज नेहमीच्या पिशवीत तांबड्या पेशी ३५ दिवस आणि विशेष द्रावणात ४२ दिवस ठेवता येतात, त्याही २ ते ६ अंश तापमानात. प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशांत, सतत हलत्या तबकात, साधारण ५ दिवसच टिकतात. गोठवलेला रक्तद्रव वर्षभर राहतो. म्हणजे एकाच माणसाच्या एका पिशवी रक्तातून निघालेल्या तीन भागांची वये वेगवेगळी.

हे दिवस मनाने ठरवलेले नाहीत. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दिलेल्या रक्तातल्या पेशींपैकी निदान ७५ टक्के पेशी २४ तासांनंतर रुग्णाच्या शरीरात फिरत असल्या पाहिजेत, ही त्यामागची मुख्य कसोटी आहे.

तरी शंका उरलीच. पेशी जिवंत राहतात हे खरे, पण त्या आठवड्यागणिक कडक होतात, प्राणवायू सोडण्याची त्यांची शक्ती काही काळ मंदावते. मग तीन आठवड्यांचे रक्त मिळालेल्या रुग्णाचे नुकसान होत असेल का? २००८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ६,००२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. १४ दिवसांहून जुने रक्त मिळालेल्यांत रुग्णालयातले मृत्यू २.८ टक्के आणि नवे रक्त मिळालेल्यांत १.७ टक्के आढळले. साऱ्या जगात चिंता पसरली.

पण नोंदी पाहून काढलेल्या निष्कर्षात एक खोच असते. दोन गट मुळातच सारखे असतील याची खात्री नसते. कोणत्या रुग्णाला कोणती पिशवी गेली हे त्याच्या रक्तगटावर, पेढीतल्या साठ्यावर आणि त्याला किती पिशव्या लागल्या यावर ठरते. मग दोष रक्ताच्या वयाचा की आणखी कशाचा, हे कसे ओळखणार? त्यासाठी चिठ्ठी टाकल्यासारखे रुग्णांचे दोन गट पाडावे लागतात. तसे प्रयोग पुढे झाले. २०१५ मध्ये कॅनडा आणि युरोपातील अतिदक्षता विभागांतील सुमारे २,४०० रुग्णांवरील प्रयोगाचा निकाल आला. आठ दिवसांच्या आतले रक्त मिळालेल्यांत ९० दिवसांतले मृत्यू ३७.० टक्के आणि नेहमीचे साठवलेले रक्त मिळालेल्यांत ३५.३ टक्के निघाले. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला. २०१६ मध्ये चार देशांतील २०,००० हून अधिक रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात नव्या रक्ताच्या गटात ९.१ टक्के आणि जुन्या रक्ताच्या गटात ८.७ टक्के मृत्यू झाले. युगांडात तीव्र रक्तक्षय झालेल्या २९० लहान मुलांवरील प्रयोगातही २५ ते ३५ दिवसांच्या रक्ताने मुले तितकीच सावरली. ताजे रक्त दिल्याने जीव अधिक वाचतात, असे एकाही मोठ्या प्रयोगात दिसले नाही.

याचा अर्थ वयाला काहीच महत्त्व नाही असा नव्हे. नवजात बाळाचे बरेचसे रक्त एकाच वेळी बदलायचे असेल तर पोटॅशियमच्या भीतीने डॉक्टर थोड्या दिवसांचेच रक्त निवडतात. ड्र्यू आणि स्कडर यांनी मोजलेले पोटॅशियम ते हेच. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. त्यांनाही शक्य तेवढे नवे रक्त देतात, म्हणजे त्या पेशी शरीरात अधिक दिवस टिकतात. आणि मुदतीच्या अगदी शेवटच्या आठवड्यातल्या रक्ताविषयी अभ्यास अजून चालू आहे. पण ही निवड डॉक्टरांनी करायची. आपण घरच्यांनी हट्ट धरायचा नाही. घरच्याच माणसाचे रक्त अधिक सुरक्षित, हा समजही बरोबर नाही. सख्ख्या नात्यातल्या रक्तामुळे क्वचित एक जीवघेणा विकार होऊ शकतो, म्हणून असे रक्त देण्यापूर्वी त्यावर किरणांची प्रक्रिया करावी लागते.

मुंबईच्या एका शोधाचीही इथे आठवण करून द्यावीशी वाटते. १९५२ मध्ये सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अत्यंत दुर्मीळ रक्तगट शोधला. तोच बाँबे रक्तगट. या माणसांना फक्त त्यांच्याच गटाचे रक्त चालते आणि दाते हजारोंत एखादा. अशा रुग्णाला ताज्या-जुन्याची निवडच नसते. रक्त असते किंवा नसते. म्हणून दुर्मीळ रक्त ग्लिसरॉल घालून अतिथंड तापमानात गोठवून ठेवतात. तसे ते दहा वर्षेही टिकते.

आपल्यापुरते काय?

मित्रांनो, ड्र्यू यांच्या आयुष्यातून घेण्यासारखे बरेच आहे, पण आपल्या घरापुरती एक गोष्ट तरी लक्षात ठेवू या. ऑपरेशनच्या टेबलावर रुग्ण असताना त्याला वाचवते ते दोन आठवड्यांपूर्वी कुणी अनोळखी माणसाने दिलेले, तपासून, तारीख घालून, थंडाव्यात ठेवलेले रक्त. आयत्या वेळी धावत येणारा मामा किंवा शेजारी वाटेत अडकू शकतो, त्याचा गट जुळत नाही, आणि रक्त काढले तरी तपासणीला वेळ लागतोच. पिशवीवर तारीख आहे, तपासण्या झाल्या आहेत आणि मुदत संपलेली नाही, एवढे पुरे.

पेढीत रक्त असायचे तर ते आधी कुणीतरी ठेवलेले हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देण्याला बंदी आहे. सगळी भिस्त स्वेच्छेने देणाऱ्यांवर. उन्हाळ्यात कॉलेजे बंद असतात, लोक गावी जातात आणि पेढ्यांत टंचाई होते. गरज मात्र सुट्टीवर जात नाही. पालकांपैकी ज्यांचे वय १८ च्या वर आहे, वजन किमान ४५ किलो आहे आणि प्रकृती चांगली आहे, त्यांनी वाढदिवस असो वा १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन, सवडीने रक्त द्यावे. पुरुषांना दर तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना दर चार महिन्यांनी ते देता येते.

आणि मुलांनो, तुम्हाला अठरा पूर्ण व्हायला अजून वेळ आहे. तोवर घरात कुणी ताज्याच रक्ताचा आग्रह धरला, तर वॉशिंग्टनच्या त्या पेपर विकणाऱ्या मुलाची गोष्ट त्यांना जरूर सांगा.